भिंतीला भिंत : धुळ्याच्या गल्ल्या आणि धाब्याची घरे



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. खानदेशापुरते बोलावयाचे तर लळिंगचा डोंगरी किल्ला, पारोळ्याचा भुईकोट आणि थाळनेरची फारुकी घराण्याची थडगी ही आपली नेहमीची ठाणी. त्यांवर अधिकारी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्या गावात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या गावात आमच्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने त्यात भर घालण्याचे काही कारण नाही. आमची हयात कामगार संघटनेत गेली. हमाल, यंत्रमागावरचे विणकर, गवंडी आणि सफाई कामगार यांच्या वर्गण्या गोळा करीत आम्ही धुळ्याच्या आणि जळगावच्या गल्ल्या तीस वर्षे तुडविल्या. सभेला सभागृह मिळत नसे. ती कुणाच्या तरी ओसरीत भरे, नाहीतर उन्हाळ्यात धाब्यावर. तेव्हा जिची आम्हांस खरीखुरी ओळख आहे अशी ऐतिहासिक इमारत एकच : भिंतीला भिंत लावून रांगेत उभे असलेले एकोणिसाव्या शतकातले साधे खानदेशी घर. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

इंग्रजीत रांगेतल्या अशा घराला ‘टेरेस हाउस’ म्हणतात. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची, त्यामुळे विलायतेतल्या टेरेस घरांविषयी वाचताना आमचा प्रथम गोंधळ उडाला. तिकडच्या टेरेस घराला गच्ची नसतेच. तिकडे टेरेस म्हणजे सलग रांग, आणि वर बहुधा उतरते छप्पर. खानदेशात मात्र गंमत अशी झाली की दोन्ही अर्थ एकाच घरात येऊन बसले. घर रांगेतलेही आहे आणि त्याच्या डोक्यावर मातीचे सपाट धाबेही आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे यालाच माळवद म्हणतात.

आता ही रांग आली कोठून? धुळ्याच्या सरळ आणि आकडे घातलेल्या गल्ल्यांविषयी आपल्या गावात एक समज पक्का रुजला आहे, तो असा की हे शहर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखले. रिक्षावाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सर्व जण तसेच सांगतात. विश्वेश्वरय्यांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या नोकरीचा आरंभ याच भागात झाला आणि पांझरेवरच्या पाण्याच्या कामात त्यांनी आपले कसब प्रथम दाखविले, हेही खरे. पण ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले १८८४ साली, तेविशी-चोविशीतले साहाय्यक इंजिनियर म्हणून. त्याच्या बारा वर्षे आधी, १८७२ च्या शिरगणतीत, धुळ्यात २,६२० घरे मोजली गेली होती. घरे आधी आणि त्यांचा आखणारा मागाहून, असे कसे होईल? मोठ्या माणसाच्या नावावर चांगली गोष्ट जमा करण्याची आपल्याला खोड आहे, एवढाच याचा अर्थ.

खरी हकीकत सरकारी गॅझेटियरमध्ये छापलेली आहे आणि कोणासही वाचता येते. १८०३ च्या होळकरी धामधुमीत आणि पाठोपाठच्या दुष्काळात धुळे ओस पडले. १८०४ मध्ये विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले आणि लळिंग व सोनगीर परगण्यांचा कारभार ते येथूनच पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज, म्हणजे पुढे ज्याने फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला तोच, खानदेशचा पहिला मुख्य अधिकारी झाला. त्याने जिल्ह्याचे ठाणे धुळ्यास केले आणि जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. दूरदूरचे कारागीर आणवून त्या बांधल्या आणि खर्च आला २,७०० पौंड, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने सुमारे २७,००० रुपये. त्या वेळचे धुळे त्याने वर्णिले आहे ते असे : बागायतीने वेढलेले, एका बाजूस पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्या मध्ये कोंडलेले लहानसे गाव. वस्ती २,५०९ माणसांची आणि घरे ४०१.

पाट आणि नदी यांच्यात कोंडलेले गाव वाढणार कोठे? त्यासाठी नवी जागा लागली. व्यापाऱ्यांना आणि इतरांना बोलावून नव्या धुळ्यात घरासाठी जागा कायमच्या बिनसाऱ्याच्या दिल्या गेल्या. एवढेच नव्हे, तर पक्के घर बांधता यावे म्हणून जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही आगाऊ रकमा दिल्या. म्हणजे आज बँकेच्या दारात ज्याला गृहकर्ज म्हणतात ते धुळ्यात दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

जागा फुकट, पण गल्लीला लागून असलेली दर्शनी बाजू मोजकीच. प्रत्येकाला दार गल्लीत हवे, कारण गिऱ्हाईक गल्लीत. साहजिकच दर्शनी बाजू अरुंद आणि मागे लांबच लांब अशा पट्ट्या पडल्या. सिटी सर्व्हेच्या नकाशात आजही त्या फासळ्यांसारख्या दिसतात. अशा पट्टीवर चोहोबाजूंनी मोकळे घर बांधता येत नाही; शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावूनच बांधावे लागते. हिशेबानेही ते सोयीचे पडते. दहा घरे सुटी बांधली तर आडव्या बाजूच्या भिंती वीस लागतात. रांगेत, सामाईक भिंतीने बांधली तर अकरा. नऊ भिंतींची माती, पाणी आणि मजुरी वाचली. आणखी एक लाभ आहे, जो नकाशात दिसत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो. रांगेतल्या घराच्या दोन्ही लांब भिंतींना ऊन कधी लागतच नाही. तापतात ते दर्शन, पाठ आणि धाबे एवढेच.

शिरगणतीचे आकडे आम्ही एकदा कागदावर मांडून पाहिले. १८१९ मध्ये ४०१ घरांत २,५०९ माणसे, म्हणजे घरटी सव्वासहा. १८७२ मध्ये २,६२० घरांत १२,४८९, म्हणजे घरटी पावणेपाच. माणसे पाचपट झाली आणि घरे साडेसहापट. याचा एक अर्थ असा की जुनी मोठी घरे भाऊबंदांत वाटली जाऊन एका भिंतीच्या दोन भिंती झाल्या. दुसरा अर्थ असा की कचेरीतले कारकून, पलटणीचे शिपाई, बाहेरगावचे कोष्टी अशी लहान बिऱ्हाडे गावात फार आली. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण एकोणिसाव्या शतकात पोट भरावयास आलेल्या माणसाने गाव वाढते हे सर्वत्र दिसते. पण वाटणीचेही काही प्रमाण त्यात असलेच पाहिजे. आम्ही पाहिलेल्या कित्येक घरांत मधली भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा पातळ आणि मागाहून घातलेली स्पष्ट दिसते. तिच्या पोटात बुजविलेल्या दाराची चौकट असते.

आता घरात शिरू. पुढे ओटा. ओट्याला घडीव काळा दगड, कारण खाली मातीची भिंत ओल धरते आणि ओल धरलेली भिंत पायापासून खचते. ओट्यावर दुकान, नाहीतर ओसरी. मग माजघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, मग परसू. घराची मोजणी फुटांत होत नसे, खणांत होई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. “दोन खणी घर आहे” म्हटले की सोयरीक जमविणाऱ्याला सर्व काही समजे. सुखवस्तू घराला वर माडी आणि तिला गल्लीकडे झुकलेला लाकडी सज्जा. खांब सागाचे, त्यांच्याखाली दगडी तळखडे आणि माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसे कोरीव आडवे तुकडे. हे हात केवळ शोभेचे नव्हेत. तुळईचा पल्ला तेवढा कमी होतो आणि ती वाकत नाही. नक्षी सुताराच्या हौसेची. हाताची लांबी मात्र त्याच्या हिशेबाची.

माजघर या घराचे सर्वांत गार आणि सर्वांत काळोखी ठिकाण. दोन्ही बाजूंना शेजारी, त्यामुळे खिडकी कोठे ठेवणार? उजेड यावयाचा तो धाब्यात ठेवलेल्या हातभर भोकातून. त्याला साणे म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडतो आणि सरकत जातो. घड्याळ नसलेल्या घरातल्या बायका त्यावरून वेळ ओळखत. पाऊस आला की साण्यावर परात किंवा पत्रा झाकावयाचा आणि मग घरात भर दिवसा दिवा. बाळंतिणीची खोली याच माजघरात. श्रावणात कानबाईची स्थापनाही येथेच होई आणि सारे भाऊबंद रोटाला याच खणात गुडघ्याला गुडघा लावून बसत. गारवा खरा. पण काळोख, धूर आणि कोंदट हवा हीही तितकीच खरी. जुन्या घरांची वर्णने करणारे पुष्कळ लोक गारव्याविषयी लिहितात आणि धुराविषयी गप्प बसतात. चुलीपुढे त्यांना बसावे लागले नव्हते.

धाब्याविषयी मात्र थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण खरे कसब तेथेच आहे. आमच्या संघटनेतल्या एका वृद्ध गवंड्याने आम्हांस ते थरांथरांनी समजावून दिले. भिंतीवर आणि खांबांवर तुळया. तुळयांवर आडव्या कड्या, हातभर अंतराने. कड्यांवर चिरफळ्या किंवा बांबूच्या कामट्या दाट बसवावयाच्या. त्यांवर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या. खानदेशात कापूस, म्हणून पऱ्हाटीला तोटा नाही. वर कडुनिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. मग भुसा घालून कुजविलेला चिखल. तो वाळला की सर्वांत वर खारवट पांढरी माती, धुमसाने आणि चोपण्याने ठोकून ठोकून बसविलेली. ही माती शेतातली नव्हे. गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन प्रकारची : काळीत पीक आणि पांढरीत वस्ती. ओस पडलेल्या जुन्या गावठाणाची ती पांढरी. ती खारवट असल्यामुळे तिच्यावर गवत सहसा उगवत नाही, आणि पाण्याचा पहिला मारा बसताच ती फुगून तिच्या भेगा मिटतात. गवत उगवले तर त्याच्या मुळ्यांच्या वाटेने पाणी आत शिरते, म्हणून दर आषाढात धाब्यावर चढून गवत उपटणे हे पोरांचे काम असे.

धाबे डोळ्यांना सपाट दिसते, पण सपाट नसते. रांगेतल्या घराला पाणी बाजूला सोडता येत नाही, बाजूला शेजारी असतो. म्हणून मध्ये किंचित उंच ठेवून पाणी पुढे गल्लीत आणि मागे परसात पन्हळांनी काढून द्यावयाचे. हा उतार दोरी न लावता नजरेने साधणारे गवंडी होते. आमच्या वृद्ध मित्राची कसोटी मोठी मजेदार होती. ओल्या धाब्यावर तो एक कवडी ठेवी, तिच्यापासून तांब्याभर पाणी ओती आणि ते कोणीकडे जाते ते पाही.

हे धाबे टिकते, पण त्याची चाकरी करावी लागते. दर साल मृगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा हात द्यावयाचा आणि सारवावयाचे. माती वाहणारे पुरुष असत, पण सारवणाऱ्या बायका. धाब्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ही मजुरी हिशेबात धरली पाहिजे, कारण ती कोणत्याही वहीत कधी लिहिली गेली नाही. आणि येथेच एक घातही आहे. जुना थर न काढता दर साल नवा थर टाकीत गेले की धाबे जड होत जाते. आम्ही एकदा हिशेब केला. खण पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब धरा, माती नऊ इंच धरा. साडेसदतीस घनफूट माती झाली. घनफुटाला १०० पौंड धरले तरी एका खणावर ३,७५० पौंड, म्हणजे सुमारे १,७०० किलो. हे कोरड्या मातीचे वजन. मुरलेल्या पावसाचे आणखी निराळे. आजोबाच्या वेळी सहा इंच असलेला थर नातवाच्या वेळी दीड फूट झालेला आम्ही पाहिला आहे. असे घर पावसाळ्यात बसले की “जुने झाले होते” असे म्हणतात. ते जुने झाले म्हणून बसत नाही. त्याच्या डोक्यावरचे ओझे कोणी उतरविले नाही म्हणून बसते.

खानदेशात वर्षाला पाऊस सुमारे वीस ते तीस इंच, म्हणून येथे माती चालली. कोकणात ती एका पावसाळ्यात वाहून गेली असती. तरीही सारे काही आलबेल नव्हते. १८७२ सालीच पांझरेला मोठा पूर आला आणि गावातल्या घरांचे व मालमत्तेचे फार नुकसान झाले. मातीच्या भिंतीला वरून आलेल्या पावसाचे भय कमी आणि खालून चढलेल्या पाण्याचे जास्त. पायथा विरघळला की वरचे सारे शाबूत घेऊन भिंत बसते.

उन्हाळ्यात मात्र धाब्याचा रुबाब पाहावा! दिवसा पापड, कुरडया, मिरच्या, डाळी यांचे वाळवण, आणि रात्री सारी गल्ली वर. एका टोकाच्या धाब्यावरून निघालेले पोर जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला पोचे. गल्लीच्या वर अशी दुसरी गल्ली होती. पण धाबी सलग होती म्हणून माणसेही सलग होती असे कोणी समजू नये. एकेक गल्ली बहुधा एकेका जातीची किंवा धंद्याची. धाब्यावरून कोणी कोठपर्यंत जावयाचे हे सर्वांना न सांगता ठाऊक असे. आणि घराच्या मागे जेथे अरुंद बोळ होती, तेथून रोज पहाटे जी माणसे डोक्यावरून मैला वाहून नेत, त्यांनी या घरांचा दर्शनी सज्जा कधी जवळून पाहिला नसेल. १९९३ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये पुन्हा, असे दोन कायदे ही प्रथा बंद करण्यासाठी करावे लागले. सज्जाची नक्षी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ती बोळही दाखवितो.

सामाईक भिंतीने माणसांना जवळ आणले तसे कोर्टातही नेले. तुझी तुळई माझ्या भिंतीत का, तू मजला चढविलास आता तुझे पन्हळ माझ्या धाब्यावर का, तुझ्या नव्या भिंतीने माझ्या साण्याचा उजेड गेला, असे हे तंटे. १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला आणि वकिलांना पिढ्यान्‌पिढ्यांचे काम मिळाले. त्याआधी हे तंटे पंच मिटवीत. या भिंतींचे दोन प्रकार आम्हांस आढळले. बऱ्या घरात प्रत्येक धनी आपापले खांब भिंतीला चिकटून उभे करी. भिंत सामाईक, पण ओझे ज्याचे त्याच्या खांबावर. गरिबाच्या घरात खांबाचा खर्च नाही. दोन्हीकडच्या कड्या थेट भिंतीतच घुसविलेल्या. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

जळगावची गोष्ट थोडक्यात सांगतो. धुळे कचेरीने वाढले, जळगाव कापसाने आणि आगगाडीने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि जळगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि व्यापारी बुडाले. पुन्हा सावरायला काही वर्षे लागली. तेथेही एक नवी पेठ आखली गेली आणि पोलन नावाच्या कलेक्टरवरून तिला पोलन पेठ म्हणू लागले. खाली दुकान, वर माडी आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक, हा साचा तोच. पण जळगाव रेल्वेवर असल्याने तेथे छपरे लवकर बदलली. मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. ती कौले आणि पुढे पन्हळी पत्रे जेथे मालगाडी पोचे तेथे स्वस्त पडू लागली. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला तो १९०० मध्ये. तोवर जड माल बैलगाडीने यावयाचा. धुळ्यात धाबी जास्त काळ राहिली, ती धुळेकर परंपरेचे मोठे अभिमानी होते म्हणून नव्हे. गाडीभाडे परवडत नव्हते म्हणून. नगरपालिका मात्र दोन्ही गावांना जवळजवळ एकाच वेळी मिळाल्या, धुळ्याला १८६२ मध्ये आणि जळगावला १८६४ मध्ये.

याच काळात विलायतेत काय चालले होते? तिकडे टेरेसची दोन रूपे होती. बाथ शहरात १७६७ ते १७७४ या वर्षांत तीस घरांची एक अर्धचंद्राकृती रांग उभी राहिली, ती श्रीमंतांसाठी. एका राजवाड्यासारखे दर्शन आणि आत तीस बिऱ्हाडे. दुसरे रूप मँचेस्टर आणि लीड्सच्या गिरणी कामगारांचे : पाठीला पाठ लावलेली घरे, ज्यांना मागचे दारच नाही आणि वाराही नाही. एंगल्सने १८४५ मध्ये आपल्या पुस्तकात त्यांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आम्हांस परके काहीच वाटले नाही. १८७५ च्या आरोग्य कायद्यानंतर तिकडे गल्लीची रुंदी, संडास आणि मागची मोकळी जागा यांचे नियम झाले, आणि त्या नियमांतून कामगारांच्या सरळ रांगा देशभर उभ्या राहिल्या. टायटस सॉल्ट या गिरणीवाल्याने तर १८५३ पासून आपल्या गिरणीजवळ कामगारांसाठी सारे गावच वसविले. आपल्याकडे जळगावची गिरणी १८७० च्या दशकातली आणि अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या आरंभीची. गिरण्या आल्या, पण कायद्याने बांधून दिलेली तशी घरे मात्र आली नाहीत. कामगार जुन्याच घरांत शिरला. एका धन्याचे दोन खणी घर चार बिऱ्हाडांत वाटले गेले, माजघरात एक, माडीवर दोन आणि परसात पत्रा टाकून चौथे.

धुळ्याचा गौरव करणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे, तो येथेच विचारतो. ब्रिग्जच्या आगाऊ रकमा नव्या धुळ्यात पक्के घर बांधणाऱ्यांना मिळाल्या. जुन्या धुळ्यातल्या घरांविषयी सरकारी ग्रंथ काय म्हणतो? घरे वेडीवाकडी बांधलेली आणि बहुतेक अगदी गरिबीची. सरळ गल्ली व्यापाऱ्याची आणि वाकडी गल्ली विणकराची, अशी ही वाटणी आखणीच्या दिवसापासूनची आहे. नियोजनबद्ध शहर म्हणून ज्याचे कौतुक होते ते निम्म्या शहराचे आहे. आणि त्या निम्म्यातही ब्रिग्जचे नाव राहिले. दूरदूरहून आणलेल्या कारागिरांतल्या एकाचेही नाव कोठे नोंदलेले आम्हांस आढळले नाही.

आता आजचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. त्या कायद्याने आमच्या हजारो माणसांच्या डोक्यावर छप्पर राखले, हे आम्ही कधी विसरणार नाही. १९९९ मध्ये नवा कायदा आला. पण मधल्या अर्धशतकात घरमालकाने धाब्याला मातीचा हात द्यावयाचे सोडले, कारण भाड्यात मजुरीही निघेना. आणि भाडेकरूने दिला नाही, कारण घर त्याचे नव्हे. दोघांच्या या न्यायात घर खचले. आता जागेला सोन्याचा भाव आला आहे आणि घरापेक्षा त्याच्या सागवानाला जास्त किंमत आहे. जुन्या लाकडाचे व्यापारी कोरीव खांब घेऊन जातात आणि ते खांब दूरच्या शहरांत हॉटेलांच्या दारात उभे राहतात.

रांगेतले एक घर पाडले की काय होते ते पाहा. आमच्या एका हमाल सभासदाचे कुटुंब अशाच रांगेत तीन पिढ्या राहत होते. शेजारचा धनी, नाव सांगण्याचे कारण नाही, घर पाडून सिमेंटचे खांब उभे करू लागला. पायासाठी सामाईक भिंतीला लागून आठ फूट खणले. मघा सांगितलेल्या दोन प्रकारांपैकी ही भिंत दुसऱ्या प्रकारची, म्हणजे कड्या थेट तिच्यातच. एका बाजूच्या कड्या काढल्या, भिंतीत खोबणींची रांग उघडी पडली, खालून आधार गेला आणि पहिल्या वळिवाला भिंत पोट काढून बाहेर आली. माणसे वाचली, कारण ती त्या रात्री धाब्याखाली नव्हती, लग्नाला गेली होती. दुसऱ्या दिवशी नोटीस आली ती शेजाऱ्याला नव्हे, यांना : घर धोकादायक आहे, खाली करा. दोन्ही शहरांत २००३ पासून महानगरपालिका आहे आणि धोकादायक घरासंबंधी नोटीस देण्याचा तिला अधिकार आहे. तो असलाही पाहिजे. पण घर धोकादायक कोणी केले हे त्या नोटिशीत विचारीत नाहीत. भाडेकरूच्या ताब्यात किती चौरस फूट जागा होती तीही लिहीत नाहीत, आणि नवी इमारत झाली की त्याच्या हक्काला पुरावा उरत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. सारी गल्ली संग्रहालय करून ठेवा असे आम्ही म्हणत नाही. धुरात आणि काळोखात राहा असे कोणाला सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. रांगेतले घर पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी सामाईक भिंत कोणत्या प्रकारची आहे ते इंजिनियरने आत जाऊन पाहावे, पहिल्या प्रकारची असेल तर ठीक, दुसऱ्या प्रकारची असेल तर आधी टेकू देऊन मगच खणू द्यावे. भाडेकरूची जागा पाडण्याआधी मोजून त्याच्या हातात कागद द्यावा. आणि प्रत्येक गल्लीतले निदान एक घर, श्रीमंताचे नव्हे, दोन खणी घर, मोजून त्याचा नकाशा काढून ठेवावा. तंत्रनिकेतनातली पोरे हे काम सुटीत करतील. त्यांना फीत धरायला आमचे गवंडी येतील, असे आम्ही संघटनेच्या वतीने येथे कबूल करतो.

ज्यांच्या घरावर अजून धाबे आहे त्यांना एवढेच सांगणे आहे : नवा थर टाकण्याआधी जुना उतरवा. वरची माती सहा इंचांपर्यंत काढून घ्यावी, कडीला वाळवी लागली असेल तर तेवढीच कडी बदलावी आणि मग चोपून पांढरी द्यावी. चैत्र-वैशाखात हे काम आठ-दहा दिवसांचे आहे. ते जाणणारे गवंडी धुळ्यात आमच्या माहितीत तिघेच उरले आहेत, आणि तिघेही साठीच्या पुढचे. त्यांतले दोघे आज मागच्या रांगेत बसले आहेत. ज्यांना धाबे दाखवायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर त्यांना गाठावे. उद्यापासून ते नेरकडे कामाला जाणार आहेत.